तिसऱ्या अंकाआधीचा सत्कार

नोएडाच्या स्टुडिओच्या फाटकावरचे सगळे वॉचमन मला ओळखायचे. आत मात्र कुणी ओळखत नव्हतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून निघायचं, मध्ये बस बदलायची, यमुना ओलांडायची आणि धूळ खात त्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. तेव्हा नोएडात रस्ते रुंद आणि माणसं कमी होती. जिकडेतिकडे अर्धवट इमारती, त्यांच्यावर फ्लॅटच्या जाहिराती, मध्येच एखादं चकाचक काचेचं ऑफिस. केबल नुकतीच घरोघरी आली होती. रोज नवी वाहिनी निघायची आणि जो तो मला सांगायचा, आता काय, त्यांना चेहरे हवेतच, ढिगाने हवेत! माझाही एक चेहरा होता. त्याचे फोटो पिशवीत घालून मी हिंडायचे.

आत शिरायला मिळालंच, तर पहिला प्रश्न आडनावाचा. "अच्छा, मराठी हो? अरे वाह, एक बाई का रोल है।" म्हणजे नऊवारी नेसायची, हातात फडकं घ्यायचं आणि 'मेमसाब, मेमसाब' करत फिरायचं. अहो, माझ्या आईने उभ्या आयुष्यात नऊवारी नेसली नव्हती! ती केंद्रीय विद्यालयात गणित शिकवायची. मी दोनदा त्या बाईच्या कामाला नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाक मुठीत धरून हो म्हटलं, तर तेही काम दुसऱ्याच मुलीला गेलं. घ्या!

घरी येऊन मी हे सगळं नकला करून सांगायचे आणि सगळ्यांना हसवायचे. पण मनातून मला एकच गोष्ट हवी होती. या धंद्यातल्या एका तरी माणसाने मला एकदा काम करताना नीट बघावं. फोटो नको, आडनाव नको, नुसतं काम. बघून नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. न बघताच नाही म्हणत होते ना सगळे, त्याची तडफड होती.

आणि वेळही संपत आला होता. बाबा त्या उन्हाळ्यात सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडायचं होतं. मयूर विहारला सोसायटीचा फ्लॅट तयार होता, फक्त लिफ्ट अजून चालत नव्हती. घरात ठरलं होतं, बोलून नव्हे, पण ठरलं होतं, की नव्या घरी गेलो की माझं हे फाटकाशी उभं राहणं बंद. नेहरू प्लेसच्या एका कंपनीत आईच्या मैत्रिणीने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

अशात मला ते दिग्दर्शक भेटले. बारीकसे, खोकणारे, सारखं घड्याळ बघणारे गृहस्थ. एका नव्या मालिकेचं काम बघत होते. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. नेहमीप्रमाणे फोटो पुढे केले, तर त्यांनी हातही लावला नाही. "फोटो छोड़िए। कहीं नाटक करती हैं?" मी म्हटलं, करते, आमच्या मंडळात, गणपतीत, मराठी नाटक आहे. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मराठी नहीं आती, पर आँखें तो हैं। आऊँगा। लेकिन साढ़े सात बजे निकलना पड़ेगा, शिफ़्ट है।"

मी घरी कशी पोचले मला आठवत नाही.

आता आमचं मंडळ. दिल्लीतली मराठी माणसं वर्षभर आपापल्या ऑफिसात इंग्रजी आणि बाजारात हिंदी बोलून थकतात, आणि गणपती आले की दहा दिवस सगळी कसर भरून काढतात. अथर्वशीर्ष, पाककृती स्पर्धा, लहान मुलांची गाणी आणि शेवटच्या शनिवारी तीन अंकी नाटक. त्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एका काकांनी लिहिलेलं. पहिल्या दोन अंकांत मला काम म्हणावं असं काही नव्हतंच. चहा आणणे, कप उचलणे, 'आले हं बाबा' म्हणून विंगेत पळणे. तिसऱ्या अंकात मात्र ती मुलगी घर सोडून निघते आणि जाण्याआधी बापाशी बोलते. तो अख्खा प्रवेश माझा. त्यासाठीच तर मी ते कप उचलत होते.

बाबा मंडळाचे कार्यवाह. मी त्यांना चार वेळा बजावलं होतं. "बाबा, ते येतील, त्यांना पुढच्या रांगेत बसवा, चहा द्या, आणि बाकी काही म्हणजे काही करू नका." बाबा म्हणाले, "नुसतं बसवायचं? पाहुण्याला?" मी म्हटलं, "हो, नुसतं!" "बरं बरं," असं ते ज्या सुरात म्हणाले, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

दुसरा अंक संपेपर्यंत सगळं वेळेत चाललं होतं. मी पडद्याच्या फटीतून बघून आले. ते आले होते, पुढच्या रांगेत कडेला बसले होते. सात वाजायला आले होते.

आणि बोंबला! माईकवर मंडळाच्या अध्यक्षांचा आवाज आला. "रसिकहो, आपल्या भाग्याने आज आपल्यात टीव्हीच्या क्षेत्रातील एक नामवंत..." मराठी मंडळात मान्यवर माणूस सापडला की तो सत्कारावाचून सुटत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं, तरी मला रडू फुटलं. दिग्दर्शकांना स्टेजवर नेलं. शाल आली, श्रीफळ आलं, पुष्पगुच्छ द्यायला ठरलेली मुलगी सापडेना, तिला शोधायला माणसं गेली. मग अध्यक्ष बोलले. मग उपाध्यक्ष बोलले. मग खजिनदारांनी हॉलचं भाडं कमी करून देणाऱ्यांचे आभार मानले. आणि मग पाहुण्यांचा परिचय करून द्यायला बाबा उभे राहिले.

मी विंगेत, तिसऱ्या अंकाची साडी नेसून, दात ओठ खात उभी. बाबांनी परिचय कसला केला! त्या माणसाचं नावसुद्धा नीट घेतलं नाही. ते सरळ त्याच्याकडे वळले आणि त्यांच्या त्या सचिवालयातल्या हिंदीत बोलायला लागले. "साहब, मैं रोज़ शाम को बालकनी में खड़ा रहता हूँ। मेरी लड़की बस से उतरती है। उसकी चाल से मुझे पता चल जाता है कि आज भी ना हुई। फिर वो सीढ़ियाँ चढ़ती है, और ऊपर आते-आते हँसता हुआ चेहरा लगा लेती है। हम सबको हँसाती है। साहब, ऐसी एक्टिंग मैंने कहीं नहीं देखी। आप देखिए उसको।" एवढं बोलून त्यांचा आवाज गेला.

मला काय वाटलं? खरं सांगते, मला संताप आला. इतके दिवस मी ज्याला फसवलं असं समजत होते, तो माणूस सगळं बघत होता, आणि ते त्याने चारशे लोकांसमोर माईकवर सांगितलं. तोवर साडेसात वाजून गेले होते. दिग्दर्शकांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले, घड्याळ बघितलं, आणि शाल-श्रीफळ सांभाळत मधल्या वाटेने निघून गेले.

तिसरा अंक मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर केला. लोक म्हणाले, फार छान झाला. कप्पाळ!

त्या रात्री घरी मी बाबांना वाट्टेल ते बोलले. "त्यांना बघायचं होतं बाबा, ऐकायचं नव्हतं! तुम्ही का बोललात?" बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, बंडीत. म्हणाले, "पण मी चांगलंच सांगितलं ना गं." मी उठून आत गेले.

आठवड्याभराने फोन आला. मीच घेतला. दिग्दर्शकांचा आवाज मी लगेच ओळखला. ते म्हणाले, "पिताजी हैं घर पर?"

त्यांच्या मालिकेत एक निवृत्त कारकून बाप होता. एकच प्रसंग, मुलगी नोकरीसाठी परगावी निघते त्याचा. दिल्लीतले सगळे नट बघून झाले होते, आणि प्रत्येक जण फार अॅक्टिंग करत होता. त्यांना आमचे बाबा हवे होते.

आई हसत सुटली. बाबा आधी घाबरले, मग नाही म्हणाले, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू बरोबर येणार असशील तर जाऊ. तेवढीच तिथे तुझी ओळख होईल." आणि मी गेले, यार! इतकी खुळी आशा होती मला. ज्या फाटकावर मी महिनोन्‌महिने उभी राहिले, त्यातून बाबा 'आइए अंकलजी' म्हणवून घेत आत गेले आणि त्यांच्यामागून त्यांची पिशवी धरून मी.

सेटवर बाबांना खुर्ची दिली, चहा दिला, तोंडाला पावडर लावली. मुलीचं काम करणारी नटी खूप कामात असलेली. तिने आपले शॉट आधी उरकून घेतले, फार गोड हसली आणि दुसऱ्या शूटिंगला निघून गेली. टीव्हीत असंच चालतं, हे मला ठाऊक होतं; समोरच्याचा चेहरा घ्यायचा असला की आपण नसलो तरी भागतं. बाबांना ते ठाऊक नव्हतं. दिवे लागले, कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर आला, समोर माणूसच नाही, आणि बाबा गोठले. एक असिस्टंट कागदावरून रुक्ष आवाजात मुलीचं वाक्य वाचायचा आणि बाबा ऑफिसात नोट वाचून दाखवावी तसं उत्तर द्यायचे. पुन्हा, पुन्हा. त्यांच्या कपाळावरची पावडर ओघळली. मला बघवेना.

शेवटी दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "आप आइए। कैमरे के बग़ल में खड़ी हो जाइए। बस लाइनें बोल दीजिए।"

मी कागद एकदा वाचला आणि परत देऊन टाकला. कॅमेऱ्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी राहिले. माझ्यावर दिवा नव्हता, माईकही माझ्यासाठी नव्हता. मी जे बोलणार ते पुसून त्या जागी तिचा आवाज लागणार होता. चलो, ठीक आहे. मी बाबांकडे बघितलं आणि म्हटलं, "पापा, आप मुझे रोकेंगे नहीं?"

मी ते मनापासून म्हटलं. त्या फाटकाशी घालवलेल्या सगळ्या दुपारी, तो वाया गेलेला तिसरा अंक, येऊ घातलेलं नवं घर, सगळं त्यात होतं. असं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही माझ्या हातून झालं नाही. बाबांचा चेहरा बदलला. ते कॅमेरा विसरले, दिवे विसरले. ते अगदी हळू म्हणाले, "रोकूँगा तो रुक जाओगी। इसीलिए नहीं रोक रहा।"

"कट! वाह, अंकल, वाह!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दिग्दर्शकांकडे बघितलं. ते सबंध वेळ मॉनिटरच्या छोट्या पडद्याकडे बघत होते, आणि त्यात फक्त बाबा दिसत होते. जाता जाता मला म्हणाले, "थैंक यू, हाँ।" संपलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. आम्ही मयूर विहारला आलो, मी नेहरू प्लेसची नोकरी धरली, तिथून पुढे गुडगावला गेले आणि तिथेच केस पिकले. ऑफिसच्या कार्यक्रमांत नाटुकली बसवते; लोक म्हणतात, मॅडम, आप तो एक्ट्रेस होतीं! मी हसते. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती मालिका कुठेच मिळत नाही. मी खूप शोधली, वाहिनीच बंद पडली. आम्ही घरी टेप केली होती, तिला बुरशी लागली. तो एक शॉट मला पुन्हा बघायला मिळावा म्हणून मी आजही काय वाटेल ते देईन. जेवताना हातातला घास तसाच धरून बसते कधीकधी, आणि तो शॉट मनात लावून बघते.

तो भाग लागला तेव्हा नव्या घरात अजून खोकी उघडायची होती. टीव्ही एका खोक्यावरच ठेवला होता. शेजारचं तमिळ जोडपं आलं होतं, वरच्या मजल्यावरचे बंगाली आजोबा आले होते. पडद्यावर आधी त्या नटीचा चेहरा आला, सुंदर, डोळ्यांत बेताचं पाणी. तिने तिच्या आवाजात माझं वाक्य म्हटलं. मग बाबा आले, पडदाभर. सगळे वा वा म्हणाले. मला तिथून उठून जायचं होतं.

आई पुढे वाकून बघत होती. तिला कॅमेरा, शॉट यातलं काही कळत नव्हतं. ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही त्या मुलीकडे बघतच नाही आहात."

बाबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मग?" नुसता माझ्याकडे हात करून ते म्हणाले. "काम तर ही करत होती."