वीस घरांचा भात

दशमांशावरून मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी भर मंडळीत भांडले होते. "आपण कृपेखाली हाय, नियमशास्त्राखाली न्हाय. मग कमाईचा दहावा हिस्सा कशाला मागता?" ते शांतपणे म्हणाले, "नका देऊ, बाई. पण येत जा." माझा स्वभाव मुलखाचा फटकळ; मी जाणंच सोडलं. आमच्या पिरनवाडीच्या मंडळीत बायका रोज भाताला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढतात आणि रविवारी अडल्यानडल्यांसाठी चर्चमध्ये नेऊन ओततात. मी तेही बंद केलं.

वर्षभरातच न्हाणीघरात घसरून माझा पाय मोडला. मी एकटी, विधवा. ब्लाउज शिवून पोट भरणारी. पायाची शिलाई मशीन गप्प झाली. मंडळीला कळवायचं नाही, असं मी शेजारणीला बजावलं होतं. कुठल्या तोंडानं कळवणार? ती बिचारी भाकरी आणून द्यायची, पण तिलाही माहेरी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी तांदळाचा डबा खरवडून झाला. मी रागानंच म्हटलं, "प्रभू, आता तूच बघ."

दुपारी मार्था आक्का दारात उभी. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. हातात पिशवी.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय गं. सकाळी प्रार्थनेला बसले, तर तुझंच तोंड सारखं पुढं यायलं."

आक्कानं स्वतःच चूल पेटवली. पिशवीत त्या रविवारचे मुठीचे तांदूळ होते, वीसेक घरांचे. जाडे, बारीक, रेशनचे, सगळे एकत्र. भात कसला होणार! काही शितं गाळ, काही कचकचीत. एरवी मी नावं ठेवली असती. त्या दिवशी घास तोंडात घेतला आणि हमसून हमसून रडले.

"आक्का, वर्षभरात मी एक मूठ दिली न्हाय गं."

"अगं बाई, मुठी मोजत बसायला येळ कुणाला हाय? जेव गुमान."

पाय सुधारेपर्यंत दर आठवड्याला ती पिशवी येत राहिली. दशमांश आज लागू आहे की नाही, मला अजून ठामपणे सांगता येत नाही. पण देवाच्या हातून घेताना माझी सगळी अक्कल गळून पडली आणि फार हलकं वाटलं.

काठी टेकत चर्चला गेले, तेव्हा पाळकसाहेबांनी हसत विचारलं, "बाई, आता काय मत?"

"मत तेच हाय, साहेब. पण उपाशी असताना ज्यांच्या घरचं खाल्लं, त्यांच्यात बसायला आलेय."

आक्कानं सरकून जागा दिली. मी प्रभूचे उपकार मानायला डोळे मिटले.