ओट्यासमोरून बूट घालून

माझ्या उजव्या पायाचं एक बोट मागच्या वर्षी काढलं. शुगरमुळे तळपायाला काही कळत नाही. बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, तो कधी रुतला आणि कुठं रुतला, हे मला आजही सांगता येत नाही. वास आला तेव्हा समजलं. बोट गेलं तेव्हा मी रडले नाही. घरच्यांना वाटलं, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. काही वाटलंच नाही, एवढंच.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी एक जखम झाली तर पाऊलच कापावं लागेल. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, चप्पल बंद. खेळाचे बूट घ्या, पुढून रुंद, लेसचे, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की सैल करता येतात. आणि रोज सकाळी चाला.

माझी धाकटी जाऊ माझ्याबरोबर मलकापूरला आली. आम्हा दोघींच्या पायाचं माप एक आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याच चपला घालून जाते आणि मी शोधत बसते.

दुकानात भिंतभर बूट होते. म्हातारे दुकानदार चाचा एकेक काढून समोर ठेवत होते. कंपन्यांची नावं इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात इंग्रजी नव्हतं, म्हणून मी खुणेवरून लक्षात ठेवलं. एक घोड्याची कंपनी, एक बाणाची, आणि एकीवर नुसत्या दोन रेघा.

चाचांनी आधी घोड्याचा धावायचा बूट माझ्या पायात घातला.

"भाभी, टोचते का कुठं?"

"नाही."

मग बाणाचा घातला. "हा?"

"नाही."

तिसऱ्यालाही मी नाही म्हटलं. चाचा खूश झाले. जावेने कपाळाला हात लावला.

"चाचा, तुमी तिले काय इचारता? तिच्या पायात जित्ता इच्चू सोडला तरी ते नाईच म्हणन. आना इकडे, मी घालतो."

मग ती माझ्या जागी बसली आणि मी बाजूला. ती पायात घालून सांगायची आणि मी आत हात घालून चाचपायची. पायाचं काम हातावर आलं होतं. लोक पाहत होते. मी पदर पुढे ओढून घेतला.

धावायच्या बुटाचा तळ पावासारखा जाड आणि मऊ. जाऊ म्हणाली, "गादीवर उभं राह्यल्यावानी लागते. पन पांदनीत दगडावर पाय पडला तं घोटा मुरगयते, बाई." वरून तो नुसती जाळी होता, काटा सरळ आत. क्रिकेटच्या बुटाला खाली कडक गुठळ्या होत्या. तो घालून ती फरशीवर खटखट चालली, म्हणाली, "बैलाले नाल ठोकल्यावानी झालं." त्या गुठळ्या आतून तळपायाला दाबत होत्या. मला ते कळलं नसतं. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ पिवळ्या रबराचा, सपाट. गुळगुळीत फरशीवर घट्ट धरतो, पण धूळ बसली की ती पकड जाते, असं चाचांनीच सांगितलं. आमच्याकडे धूळ सोडून आहे काय?

शेवटी चालायचे बूट. हे वरून बंद, तळ फार मऊ नाही, फार वाकतही नाही. घोड्याचा तिच्या करंगळीला लागला. गंमत अशी, की त्याच कंपनीचा धावायचा बूट त्याच नंबरात तिला सैल झाला होता. बाणाच्या आत टाचेजवळ शिवण वर आलेली माझ्या हाताला लागली. दोन रेघांची कंपनी कुणी ऐकलेली नव्हती. तो बूट पुरुषांचा, काळा, पुढून रुंद. जाऊ तो घालून दुकानाबाहेर जाऊन आली.

"हाच घ्या. दिसाले टॅक्टरवानी हाय, पन पायाले काईच म्हनत नाई."

आम्ही तो घेतला.

आता ओट्याचं सांगायला हवं. आमच्या दारासमोर ओटा आहे आणि सासरे दिवसभर त्यावर बाज टाकून बसतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. घरातून बाहेर जायला त्यांच्यासमोरून जावं लागतं. आम्ही सुना त्यांचा मान म्हणून चपला हातात घेऊन जातो आणि पिठाच्या चक्कीजवळ वळण आलं की पायात घालतो. आबांनी असं कधी सांगितलं नाही. सासूबाई तसं करत, मी तसं केलं, जाऊ आली, तिनंही केलं. चपलेचं काही नसतं, उचलली की झालं. लेसचे बूट मात्र बसून काढावे लागतात, बसून घालावे लागतात.

मी बूट पिशवीत घालून अनवाणी चक्कीपर्यंत जाऊ लागले. चक्कीजवळच्या दगडावर बसून लेस बांधायची, चालून आल्यावर तिथंच सोडायची. आबांसमोरून काळे पुरुषी बूट घालून चालणं मला जमणार नव्हतं. पाय जाईल हे माहीत होतं. ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं माहीत होतं.

एका सकाळी जाऊ दळण घेऊन चक्कीवर आली होती. मी दगडावर बसलेली तिला सापडले.

"काऊन वो बाई, बूट पिशवीत घिऊन फिराले जातेत का? बुटाले हवा लागाव म्हून?"

 घरी आल्यावर तिने मला अंगणात बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. टाचेत काटेरी सराटा रुतला होता. तिने तो उपटला. थोडं रक्त आलं. मी पाहत होते. कुणा दुसऱ्याची टाच पाहावी तसं.

आम्ही सुना आबांशी समोरून बोलत नाही. काही सांगायचं असलं की मुलांना नाहीतर ढोरांना सांगतो आणि ते ऐकतात. जाऊ उठली, ओट्याच्या खुंटीला बांधलेल्या शेळीपाशी गेली आणि तो सराटा तिच्यासमोर धरून मोठ्यानं बोलू लागली.

"काय वो शेळीबाई, तुह्या खुरात हे रुतलं तं तू वरडतं. आमच्या बाईले समजतच नाई. बूट आनले, पन ते पिशवीत ठिवते. काऊन, तं म्हने लाज लागते. आता पाय कापला तं तू देशीन का तुह्या चारातला एक?"

शेळीने सराट्याचा वास घेतला. आबा बाजेवर तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.  मला वाटलं, जमीन दुभंगावी. मग तेही वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन दारात आले तर आबांची बाज फिरवलेली होती. तिचं तोंड भिंतीकडे. आबा रस्त्याला पाठ करून बसले होते, समोर पोपडे आलेला चुना आणि खुंटी.

"इकून उन्ह लागते," ते शेळीला म्हणाले.

सकाळचं ऊन आमच्या ओट्यावर येत नाही. तिथं ऊन दुपारनंतर येतं.

मी दारात उभी राहिले. मग उंबऱ्याच्या आत बसले, पिशवीतून बूट काढले, पायात घातले, लेस बांधली. हातानं आत खडा नाही ना ते आधी पाहिलं, जाऊ सांगते तसं. ओट्यासमोरून गेले. बुटांचा आवाज बराच झाला. आबांची पाठ हलली नाही. मला वाटलं होतं, या वेळी तरी काही वाटेल. चक्की आली, वळण आलं, मी थांबले नाही.

तेव्हापासून रोज असंच आहे. परत येते तेव्हाही बाज भिंतीकडेच असते. मी आत जाऊन बूट काढून कोनाड्याखाली ठेवते, जाऊ माझा पाय उजेडात धरून पाहते, आणि बाहेर बाजेचे पाय फरशीवरून पुन्हा रस्त्याकडे सरकल्याचा आवाज येतो.