दाराला लावलेली शिशाची वीट

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, प्रयोगाचे प्रमुख सरसुद्धा. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: किरण मोजणारा जर्मेनियमचा डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवायचा आणि नोंदी लिहायच्या. नवरा म्हणायचा, "माझा चहा गार झाला तरी हिला फिकीर नाही. त्या डब्याला मात्र क्षणभर ऊब लागू देत नाही."

दोन वर्षं वाट पाहून यंदा म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा, झोत मिळाला, तोही तीनच दिवस. जड धातूच्या पत्र्यावर म्यूऑन सोडायचे, ते अणुकेंद्राच्या अगदी जवळ जाताना सुटणारे किरण टिपायचे आणि त्यावरून केंद्राचा आकार ताडायचा. ते गोल असावं, असा आजवरचा कयास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर नाचतच आले. "ताई, बघा! आलेखातलं शिखर दुभंगलंय, एकाची दोन झाली! केंद्र गोल नाही, लांबट आहे! संध्याकाळी सगळ्यांना कळवतो."

ताईने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "सकाळी एकच होतं, सर."

"सकाळी आकडे कमी होते हो!"

"मग कोबाल्टचं शिखर का दुभंगलंय?"

सरांचा चेहरा पडला. कोबाल्टचा छोटा तुकडा शेजारी ठेवलेला असे, नुसता खूण म्हणून. त्याचा त्या धातूशी काडीचा संबंध नव्हता. त्याचंही शिखर दोन ठिकाणी दिसलं, म्हणजे खोट केंद्रात नाही, आपल्या घरात.

ताईने वही उघडली. मोजणीयंत्रांची वातानुकूलित खोली दहा वाजेपर्यंत बावीस अंशांवर, नंतर थेट सत्तावीस. ती उठली, तरातरा गेली. खोलीचं दार सताड उघडं, आणि ते मिटू नये म्हणून खाली शिशाची वीट. डिटेक्टरभोवतीच्या भिंतीतली!

"हे कुणी केलं?"

"आत कोंदट होतं हो," सर पुटपुटले. "जरा वारा..."

"वारा! सर, कानीकपाळी ओरडून घसा बसला माझा. ही यंत्रं तापली की सगळे आकडे सरकतात. अर्धे आकडे इथे, अर्धे तिथे, म्हणून एकाची दोन! आणि वीट कुठली काढलीत? बाहेरचे किरण अडवणारी! घराची भिंत फोडून दाराला टेकू द्यायचा, हा कुठला शहाणपणा?"

"एकच तर वीट..."

"झोताचा दीड दिवस उरलाय. दुपारचे आकडे फेका. आणि तुम्ही खुर्ची घेऊन बाहेर बसा, तिथे भरपूर वारा आहे."

डॉक्टरेट असलेला माणूस खरंच खुर्ची उचलून व्हरांड्यात गेला. ताईने दहा किलोची वीट पोटाशी धरून जागेवर नेली आणि दार लावलं.

तिसऱ्या दिवशी झोत थांबायला तासभर उरला, तेव्हा दाराच्या काचेवर टकटक झाली.

"किती?"

"एकच शिखर. कोबाल्टचंही एकच."

"म्हणजे गोलच," सर उसासले. "लांबट असतं तर बरं झालं असतं."

"सांगून बघा केंद्राला, ऐकतंय का."

सर क्षणभर घुटमळले. "आत येऊ?"

"या. पण दार ओढून घ्या."