मत माझं, तोंड संपतचं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय टाळतो — जणू देवालाही कानोकान खबर नसावी. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं एक बरं आहे.

आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या शिवेवर. घरटी एक माणूस फौजेत आणि रानात ऊस. मी हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आलो, पण आमच्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तसा मीही मेजर. सकाळी चहाच्या टपरीवर पेपर मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक बातमीवर मत द्यायचं, हे माझं काम — कुणी नेमलेलं नाही, मीच अंगावर घेतलेलं. महागाई का वाढली, शेती करणाऱ्या पोरांची लग्नं का जमत नाहीत, सरकार टिकणार की पडणार — नाकानं कांदे सोलायला मी पहिला. आणि ऐकायला पहिला संपत.

संपत माझा बांधाशेजारी. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मनानं सरळ, फारसं वाचत नाही पण ऐकलेलं विसरत नाही. सकाळी ऐकलेलं माझं मत संध्याकाळपर्यंत त्याचं होऊन जायचं. "मेजर बोलले की इषय मिटला," असं तो चारचौघांत म्हणायचा. मला ते लय आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पुढचं कळायला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं कुणाचा ऊस कधी तुटणार हे लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेवर ठरतं, असं कागद म्हणतो. खरं म्हणजे ते तोंडावर ठरतं. कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध जो बोलला, त्याच्या फडाकडं ऊसतोडीची टोळी वाट चुकते. हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून टपरीवर सरकारला शिव्या खुशाल देतात, दिल्लीला देतात, पण कारखान्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. माझाही यायचा.

त्या साली कारखान्याची निवडणूक लागलेली. मी आठवडाभर खालच्या आवाजात सांगत होतो — चेअरमन मालक नाही, मालक आपण सभासद. वजनाचा काटा त्यांचा, भाव त्यांचा, आणि आपण विचारायचं कधी? संपत मान डोलवत होता. तेवढ्यात एक दिवस मोबाईलवर बातम्या दाखवणारी एक मुलगी माईक घेऊन टपरीवर आली. जनतेचं मत पाहिजे, म्हणाली. माईक पहिल्यांदा माझ्याच पुढं धरला.

मी काय केलं? "आम्ही फौजी माणसं, राजकारणात पडत नाही," म्हणालो. आणि संपतच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं ढकललं.

तो बोलला. काय बोलला! माझं वाक्य न् वाक्य, मी जिथं थांबायचो तिथं थांबून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं — पोरगं पाढे म्हणून झाल्यावर मास्तरकडं बघतं, तसं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच. पण एवढंच असतं तर मी तुमच्यापुढं बसलो नसतो.

संध्याकाळी तो व्हिडिओ मी पाहिला. संपतच्या मागं मी उभा होतो. मान हलवत होतो, चांगली ठसठशीत. माझा पोरगा त्याच कारखान्यात हंगामी कामाला, कायम व्हायच्या वाटेवर. माझा ऊसही उभा. कुणी बघितलं असेल? कुणी ओळखलं असेल? सीमेवर होतो तेव्हा कधी भ्यालो नाही, असं मी गावात सांगत आलोय. तेही पुरतं खरं नाही, पण ते राहू द्या.

कुणी दुसऱ्यानं दाखवायच्या आत आपणच दाखवलेला बरा, असं मनानं घेतलं. कारखान्याच्या शेतकी खात्यातले एक साहेब माझ्या ओळखीचे होते. त्यांना मी तो व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं — हा संपत असं बोलत फिरतोय, आमचा काही पाठिंबा नाही, मी चहाला उभा होतो. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मग मी माझ्या फोनमधनं ते पुसून टाकलं. झालं. सांगायचं होतं ते हेच — नाही, याच्यापुढंही आहे.

संपतची लागण माझ्या आधीची. टोळी त्याच्या फडाच्या कडेला येऊन उतरली होती, कोयते बाहेर निघाले होते. मग तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस आला, मुकादमाशी काहीतरी बोलला आणि टोळी बांध ओलांडून माझ्या रानात शिरली. माझा ऊस तुटत होता तेव्हा संपत आला. त्याच्या म्हशींना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पाहिजे होतं. मी दोन भारे जास्तच दिले. त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला, तुरे आले, कांड्या आतनं पोकळ पडल्या.

"मेजर, माजा व्हिडू कुणीतरी मुद्दाम वर दावलाय," तो मला म्हणाला. "म्हादाच असणार. त्याचा ट्रॅक्टर हाय कारखान्यावर."

म्हादा म्हणजे महादेव, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची विहीर एक, अंगण एक. 'म्हादा नसेल' असं मी म्हणू शकत होतो. निदान गप्प तरी बसू शकत होतो. मी काय म्हणालो सांगू? "माणसाचं काय सांगता येतं, संपत," असं म्हणालो. आणि मान हलवली, व्हिडिओत हलवली होती तशीच.

अंगणात भिंत आली. महादेव माझ्याकडं येऊन रडला. "आवं मेजर, मी न्हाई केलं. तुमचं ऐकतोय त्यो, तुमी सांगा की." मी सांगतो म्हणालो. आजतागायत सांगितलं नाही. दोघं भाऊ समोरासमोर बसले आणि म्हादानं आईची शपथ घेतली, तर संपतचा विश्वास बसणारच. मग प्रश्न उरणार — म्हादानं नाही, तर कुणी? त्या प्रश्नाच्या भीतीनं मी दोघांना एका टपरीवर चहाला बसू देत नाही. एक आला की दुसऱ्याला काहीतरी काम काढून वाटेला लावतो.

गेल्या वैशाखात म्हादाच्या पोरीचं लग्न होतं. पोर संपतच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. पत्रिका घेऊन ती स्वतः भिंतीपलीकडं गेली, चुलत्याच्या पाया पडली. संपत त्याच संध्याकाळी माझ्याकडं आला. डोळे ओले होते. जायचं मनात होतं त्याच्या, मला स्पष्ट दिसत होतं.

"जाऊ का, मेजर? तुमी सांगाल तसं."

एक 'जा' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी त्याला मानापमानावर भाषण दिलं. रक्ताचं नातं झालं तरी माणसानं आपला मान आपणच राखावा, हल्ली समाजात कोण कुणाचा राहिलाय, वगैरे. तो ऐकत बसला. उठताना म्हणाला, "बरोबर हाय तुमचं."

तो लग्नाला गेला नाही. मी गेलो.

मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. माईकवरनं एकेक नाव पुकारत होते — आजोबा, मामा, मग मुलीचे चुलते. चुलत्यांचं नाव दोनदा पुकारलं. मांडवात कुणी उठलं नाही. म्हादा फेटा हातात घेऊन उभा होता. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि तो माझ्याकडं चालत आला. म्हणाला, "मेजर, आता तुमीच आमचं थोरलं."

मी डोकं पुढं केलं.