आधी पोरीला विचारा

काशिनाथआबा कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसत नसत. मांडवातला सगळ्यात म्हातारा माणूस हेरून ते त्याच्याशेजारी जाऊन बसत आणि हळूच विचारत, "हे असं का करत्यात वो?" नवऱ्याची उष्टी हळद नवरीला का लावतात? अंतरपाट मध्ये का धरतात? एक म्हातारा म्हणाला, पूर्वी दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नसायचं, म्हणून पडदा. दुसरा म्हणाला, मुहूर्ताआधी नजरानजर नको. आबांना दोन्ही उत्तरं आवडली होती.

कळसला आबांचं आणि आमचं घर लागून. आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबांची लग्नं तेच लावत. आमच्याकडच्या कुणी बाईनं विचारलं की तुमच्यात नवरी पांढरं का नेसते, तर म्हणत, "पांढरा म्हंजे दुःखाचा न्हाय, बाई. मन धुतल्यालं हाय, येवढंच."

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता माझ्या वर्गात होती. पुढं ती बारामतीला नर्सिंग शिकायला लागली. दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा इंदापूरकडचं स्थळ आलं. शिक्षण पुरं होऊ द्या, असं तिनं आईला, म्हणजे आक्कांना सांगितलं आणि त्यांनी ते आबांच्या कानावर घातलं. आबा म्हणाले, चांगलं घर थांबत नसतं, लग्नानंतर शिकेल की. तिच्याशी ते स्वतः बोललेच नाहीत. लग्नही त्यांनीच लावलं. त्यांच्या मागोमाग तिनं पंचशील म्हटलं, खाली मान घालून.

शिक्षण पुन्हा सुरू झालं नाही. पहिल्याच बाळंतपणात तिनं ताप अंगावर काढला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. बाळही राहिलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस आबा कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. मग भिगवणच्या एका जुन्या मित्राच्या नातीचा निकाह होता. तो स्वतः न्यायला आला म्हणून मला बरोबर घेऊन गेले. तिथं निकाह लागण्याआधी वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि दोन साक्षीदार उठून नवरीच्या खोलीकडे गेले. आबांनी सवयीनं विचारलं, हे कशासाठी? मित्र म्हणाला, तिचा होकार आल्याशिवाय निकाह होत नाही.

आबा न जेवताच उठले. घरी आल्यावर ओट्यावर बसून मला म्हणाले, "ती माणसं पोरीला इचाराय उठून गेली. मी बाप असून गेलो न्हाय."

पुढं ते पुन्हा लग्नं लावू लागले, पण आधी नवरीच्या खोलीत जात, सगळ्यांना बाहेर काढत आणि तिला विचारत, तुझ्या मनानं आहे ना? बहुतेक मुली लाजून हसत. सणसरची एक मुलगी रडायला लागली. आबा बाहेर आले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"पोरीची मर्जी न्हाय. मी हे लगीन लावनार न्हाय."

मुलीच्या बापानं त्यांची गचांडी धरली. पाहुणे म्हणाले, स्वतःची पोरगी गेली म्हणून हा दुसऱ्यांची घरं मोडतो. ते लग्न मोडलं, आणि आबांना बोलावणीही बंद झाली. लग्नसराईत ते पांढरा सदरा घालून ओट्यावर बसून राहत. लांबून बँडचा आवाज आला की आत जात.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. सावडण्याच्या दिवशी सणसरची ती मुलगी आली. आता ती पुण्यात नोकरी करते. आक्कांच्या गळ्यात पडून खूप रडली. आबा नसते तर माझं काय झालं असतं, म्हणाली. आक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला चहा पाजला आणि मला गाडीवरून तिला एसटीपर्यंत सोडायला सांगितलं.

मी परत आलो तेव्हा आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. मुलगी गाडीत बसली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"लई पोरींचं भलं केलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्याला हात टेकून उठता उठता म्हणाल्या, "माजी येकच व्हती."