काकूंचं वासाचं जिरेनियम

सिटी सेंटर वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू कुंड्यांत वासाचं जिरेनियम लावतात. पान चोळलं की गुलाबाचा वास येतो. हे झाड जास्त पाण्याने मरतं, म्हणून कुणी कुंडीजवळ तांब्या नेला की काकू ओरडतात, "दूर हटा! मुळं सडतील!" निवेदनांवर सह्या मागायला गेले की मलाही ओरडतात. मला त्या म्हणूनच आवडतात.

पण त्यांच्या सासूबाई रोज तुळशीला घालून उरलेलं पाणी जिरेनियमला घालतात, तेव्हा काकू गप्प. झाड पिवळं पडलं. मी भडकले. "स्पष्ट सांगा ना! सहन का करता?"

"अगं, सासरे गेल्यापासून अंथरूण सोडत नव्हत्या. आता पाणी घालायला तरी उठतात. रहने दे."

काकूंनी जिरेनियमच्या फांद्या छाटून मागच्या खिडकीत लावल्या आणि त्या कुंडीत पुदिना लावला; त्याला कितीही पाणी चालतं. सासूबाईंना नीट दिसत नाही. सकाळी त्यांनी पान चोळलं.

"हा तर पुदिना वाटतो गं."

"जिरेनियमच आहे, आई. त्या वासाचीही जात असते."

तशी जात असते, हे खरं आहे. खोटं बोलणाऱ्यांना एरवी पत्रकांतून झोडपणारी मीही "हो, असते" म्हणाले.

"मग याला पाणी जास्त लागत असेल," म्हणत सासूबाईंनी अख्खा तांब्या ओतला.