निवांत बसावे

ही गोष्ट माझ्याकडून अजून कोणाच्या कानावर गेलेली नाही. बायकोच्या नाही, ज्यांच्या शेजारी बसून वीस-बावीस वर्षं काम केलं त्यांच्याही नाही. बातमी लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात सांगायचं, असं मी नव्या मुलांना शिकवत आलो. इथे मला ते जमणार नाही. थोडं लांबून यावं लागेल — तेवढी सवलत द्या.

मी मूळचा डोळखांबच्या बाजूचा. मुंबईत एका वर्तमानपत्रात होतो, राहायला वाशिंदला. आधी तालुक्याच्या बातम्या, मग डेस्क, आणि पुढे रविवारच्या पुरवणीतलं पर्यटनाचं पान माझ्याकडे आलं. त्या पानावर दर आठवड्याला एक ठिकाण असे. डावीकडे मोठा फोटो, मधे वर्णन, आणि उजवीकडे चौकट — ‘काय पाहाल, काय कराल’. वाचक वर्णन वाचत नाहीत, चौकट वाचतात. हे मला माहीत होतं. तरी चौकट मी सगळ्यात शेवटी, घाईत भरत असे.

त्यातल्या बहुतेक जागा मी पाहिलेल्या नव्हत्या. हा माझा एकट्याचा प्रकार नव्हता, पण मी माझ्यापुरतं बोलतो. माहितीपत्रकं यायची, कोणी जाऊन आलेला चार गोष्टी सांगायचा, त्यावरून पान व्हायचं. गावाकडे मात्र मी फिरून आलेला माणूस होतो. ते मी कधी खोडलं नाही. कशाला खोडायचं? ऐकायला बरं वाटत होतं.

काशिनाथ गावच्या शाळेत माझ्या वर्गातला. वाशिंदजवळच्या एका कारखान्यात तो पाळीने काम करायचा आणि पावसाळ्यात रजा टाकून लावणीला घरी जायचा. पेपर तो रविवारचाच घ्यायचा, माझ्या पानासाठी. स्टेशनबाहेर भेटला की टोमणा ठरलेला.

“तुजा पाय घरात ठरत नाय, आन आमचा चिखलातून निघत नाय. चाललंय बरोबर.”

त्याची बायको सुनंदा. बारावी झालेली, त्या घरातली पहिली शिकलेली सून. वीजबिल असो की सातबारा, घरात आलेला कागद तिच्याकडे जायचा आणि ती तो मोठ्याने वाचून दाखवायची. काशिनाथला वाचता येत होतं, पण त्याला ऐकायला आवडायचं. “तिच्या तोंडून ऐकला का कागद खरा वाटतो,” असं तो म्हणायचा.

एकदा पानावर मी एक बेट घेतलं. त्याचं नाव देत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. दूरच्या समुद्रातलं लहानसं बेट — नारळाच्या बागा, पांढरी वाळू, जुनं दीपगृह. चौकटीत काचेच्या तळाची होडी होती, प्रवाळ होतं, दीपगृहावरून दिसणारा सूर्यास्त होता, केळीच्या पानावर मिळणारा भाजलेला मासा होता. शेवटचा मुद्दा वाळूच्या दांड्याचा. ओहोटी लागली की समुद्रातून वाळूची एक वाट वर येते आणि चालत पलीकडच्या चिमुकल्या, निर्मनुष्य बेटावर जाता येतं.

माझ्यासमोरच्या माहितीपत्रकात या मुद्द्याखाली आणखी मजकूर होता. होडीवाल्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. भरतीची वेळ रोज बदलते. दांडा मधोमध खोलगट आहे, तिथे पाणी आधी भरतं, म्हणून लवकर परतावं. चौकटीत तेवढी जागा नव्हती. मी तो मजकूर काढला. काढल्यावर शेवटची ओळ अर्धी राहिली. अर्धी ओळ पानावर वाईट दिसते, म्हणून मी तिथे दोन शब्द घातले.

निवांत बसावे.

पान गेलं. मी घरी जाऊन जेवलो असेन. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही.

काशिनाथने ते पान कापून ठेवलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोघं देवदर्शन सोडून कुठे गेली नव्हती. त्याने मला विचारलं, “जायासारखं हाय ना रे? तू बघितलंस म्हणून इचारतो.” मी म्हटलं, “जा, डोळे मिटून जा.” मी बेट पाहिलेलं नाही, हे तेव्हा सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. मुलीला आजीकडे ठेवून दोघं गेली. विमानातून त्याने मला पंखाचा फोटो पाठवला होता.

पुढचं मला सुनंदाकडून कळलं. ते मी जसं ऐकलं तसं सांगतो.

बेटावरचा दुसरा दिवस. ओहोटी होती, वाट वर आली होती. तिने नेहमीसारखं कात्रण काढून मोठ्याने वाचलं — घोटाभर पाण्यातून चालत जाता येते, गर्दी नसते, निवांत बसावे. दोघं पलीकडे गेली. तिथे खरंच कोणी नव्हतं.

आमच्याकडे नदीवर मासे धरायला बसलं की पाण्याच्या कडेपासून वीतभर वर एक काठी रोवतात. वरच्या अंगाला, डोंगरात पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही लोंढा येतो. काठीचं बूड भिजलं की उठायचं, कोरडं आहे तोवर बसायचं. लहानपणापासून आम्ही हेच केलं आहे. काशिनाथने तिथेही तेच केलं. वाहत आलेली एक काठी उचलली आणि मोठा समुद्र ज्या बाजूला होता त्या बाजूला, लाटा लागू नयेत म्हणून पाण्यापासून हातभर वर रोवली. पाणी येणार ते मोठ्या अंगाने येणार, असा त्याचा हिशेब. मग दोघं काठीकडे तोंड करून बसली. शहाळं प्यायली. मुलीसाठी शिंपले गोळा केले.

नदीला एकच बाजू सांभाळायची असते. समुद्राचं तसं नाही. त्यांच्या पाठीमागे, दांड्याच्या मधल्या खोलगट भागात, पाणी भरत होतं. ती उठून वळली तेव्हा वाट नव्हती. तो म्हणाला, “तू थांब, मी खोली बघून येतो.” नदी ओलांडताना पुरुष आधी जातो, तसा तो पुढे गेला. त्याला पोहता येत होतं. पण मधे पाणी आडवं धावत होतं.

तिला होडीवाल्यांनी आणलं. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

“काठी कोरडीच होती, भाऊजी,” ती मला म्हणाली. “मी मागं फिरून बघितली. कोरडीच होती.”

हे ती मला दिवसकार्याच्या दिवशी सांगत होती. घर माणसांनी भरलेलं. ओटीवर तिचे सासरे, दीर, भावकी. सासू दाराच्या आत बसलेली. माझ्या हातात चहाचा कप होता. मी पेपरातला माणूस, म्हणून मला खुर्ची दिली होती. कात्रण त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलं होतं, ते गेलं. घरी पेपर रद्दीत गेलेला. पुरवणी तेव्हा मोबाईलवर येत नव्हती. काय छापलं होतं हे त्या ओटीवर नक्की सांगू शकणारा माणूस एकच होता.

दिराने विषय काढला. आवाज चढवला नाही त्याने. “एवढा मोठा पेपर. पाण्याची येळ बघा, कोणाला इचारा, असं काय लिवलं नसंल का त्यात?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनंदाही. तिच्या बघण्यात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तसं काही छापलेलं नव्हतं असं तिला वाटत होतं, पण खात्री उरली नव्हती — तेवढ्या दिवसांत कोणाची उरेल?

“तुमी लिहिलेलं का तसं, भाऊजी?”

मी म्हटलं, “होतं.”

एवढंच. एक शब्द. त्याला पुढे काही जोडलं नाही आणि मागेही घेतला नाही. मला काय वाटत होतं असं विचाराल, तर काही वाटत नव्हतं. चहा गार होत होता, तो मी पिऊन टाकला. ‘नव्हतं’ म्हणायला त्याहून जास्त वेळ लागला नसता.

आतून सासू म्हणाली, “शिकलेली सून केली. एक वळ वाचता आली नाय हिला.”

सुनंदा ओटीच्या कडेला बसली होती, तिथेच बसून राहिली. तिने मान हलवली — नकाराची नाही. आठवायचा प्रयत्न करताना माणूस हलवतो तशी.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. पुढच्या वर्षी सुट्ट्यांच्या हंगामात जुनीच पानं पुन्हा चालवायची ठरलं, त्यात ते बेट होतं. मी चौकट उघडली, ‘निवांत बसावे’ काढलं आणि तिथे लिहिलं — ‘होडीवाल्याला विचारल्याशिवाय जाऊ नये, भरतीआधी परतावे.’ जागा झाली. अक्षर थोडं बारीक केलं, की झाली. मला वाटलं, निदान एवढं तरी नीट केलं.

ते पान दिराने शहापूरला केस कापायच्या दुकानात पाहिलं. तोच फोटो, तेच नाव, तीच चौकट. दुकानदाराकडून मागून घेतलं आणि घरी नेऊन सगळ्यांसमोर वाचलं. तो मला भेटल्यावर म्हणाला, “तुमी सांगितलंत ते खरं होतं. आमी उगाच तुमच्यावर शंका घेतली.” हात जोडले त्याने. मीही जोडले.

म्हणजे माझ्या शब्दाला वर्षभरात पुरावाही मिळाला, आणि तो मीच छापला होता. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तरी मी काय केलं? लोकल पकडली आणि कामावर गेलो.

सुनंदाने त्या घरात कागद वाचणं सोडलं. मला हे हळूहळू कळत गेलं. आधी वीजबिल दीर वाचायला लागला, मग रेशनचे कागद. मुलगी वाचायला शिकली तशी तिच्याकडून वाचून घ्यायची. पुढे ती मुलीला घेऊन सापगावला माहेरी आली, एका शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणून माझ्या बायकोला कळलं — पिशवीवर काय लिहिलंय ते ती दोनदा वाचते आणि तरी दुसऱ्याला विचारते. बायको म्हणाली, “धसका घेतलाय बिचारीने.” मी हो म्हटलं.

मी आता नोकरीत नाही. काशिनाथला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची मुलगी कॉलेजात गेली आहे. या हिवाळ्यात तिची समुद्रावर सहल जायची होती. घरी पालकांच्या सहीसाठी सूचनांचा कागद आला. सुनंदा तो घेऊन वाशिंदला माझ्या घरी आली. सोबत नव्या तांदळाची पिशवी आणली होती, दर वर्षी आणते. कागद माझ्यापुढे ठेवला.

“तुमी वाचा, भाऊजी. मोठ्यानं वाचा.”

“तुला येतं की वाचता.”

“येतं हो. पण माझ्या नजरंतून वळी सुटतात. तुमाला ठावं हाय ना.”

मी वाचला. पाण्यात उतरू नये, शिक्षकांना विचारल्याशिवाय कुठे जाऊ नये, सहा वाजेपर्यंत बसपाशी यावं. ती ओठ हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “मागच्या बाजूला काय नाय ना?” मी कागद उलटून दाखवला. कोरा होता. “काय सुटलं नाय ना?” मी म्हटलं, नाही. मग तिने सही केली, पदर सावरला आणि स्वयंपाकघरात माझ्या बायकोशी बोलायला गेली. जाताना मला म्हणाली, “तुमी हायत म्हणून बरं.”

तेव्हाही मी सांगितलं नाही. ती शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं.

आता लिहितो. जसं असेल तसं, बातमीसारखं.

पहिल्यांदा छापलेल्या लेखात धोक्याची सूचना नव्हती. ती मी काढली होती. त्या जागी ‘निवांत बसावे’ हे शब्द मी घातले. ते बेट मी आजही पाहिलेलं नाही. विचारलं तेव्हा मी ‘होतं’ म्हणालो, ते खोटं होतं.

सुनंदाने त्या दिवशी वाळूवर उभं राहून जे वाचलं, ते पूर्ण वाचलं होतं. तिच्याकडून एकही ओळ सुटली नव्हती.